हिनकल ते म्युनिक, व्हाया वरची खोली

म्युनिकला जाऊन आलो. पासपोर्ट लागला नाही, व्हिसा लागला नाही, पण बसून बसून पायाला ज्या मुंग्या आल्या त्या शंभर टक्के खऱ्या होत्या. ज्यांनी असा प्रवास केलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मी मूळचा विट्याचा. मैसूरजवळ हूटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी करतो आणि हिनकलला शिंदे अण्णांच्या घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहतो. खोलीत एक कॉट, एक शेगडी आणि उरलेल्या जागेत विमान. म्हणजे सिम्युलेटर हो. टेबलावर दोन मॉनिटर, हातात जॉयस्टिक, पायात रडरची पेडलं आणि बसायला भंगारातनं आणलेलं व्हॅनचं सीट. सीटच्या मागच्या खिशात पहिल्या मालकाची बडीशेप अजून आहे. कॉम्प्युटरात अख्खी पृथ्वी आहे. डोंगर, नद्या, विमानतळ सगळं जागच्या जागी. पाऊससुद्धा खरा. जगात जिथं आत्ता पडतोय, तिथंच माझ्या स्क्रीनवर पडतो.

अण्णांचे पूर्वज मैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते. हॉलमध्ये तलवार टांगलेली आहे आणि तलवारीखाली अण्णा बसतात. बँकेतनं रिटायर झाले, पण बसतात घोड्यावर बसल्यासारखे. या घरातली मराठी ऐकून पहिला महिना माझं डोकं गरगरत होतं. वाक्य उडतं मराठीत आणि उतरतं कन्नडात. त्यांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्का म्हणतो. मला नकला करायची खोड आहे, पण अण्णांना माझं विमानच दिसतं, म्हणून ते मला कधी नावानं हाक मारत नाहीत. "एय् पायलट्टू, ये की खाली, कॉफी झालीय," अशी हाक येते.

तर झालं असं. त्यांची एकुलती एक लेक वीणा म्युनिकला असते आणि तिचे दिवस भरत आलेत. तिला बाळंतपणाला आईवडील दोघं पाहिजे होते. दोघांचे व्हिसा येऊन कपाटात पडले होते. राहिलं होतं फक्त तिकीट. जावयांनी सांगितलं होतं, सोमवारपर्यंत काय ते कळवा, नंतर सीट मिळायची नाही.

आणि अडलं होतं कुठं, तर अक्कांना विमानाची भीती. हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत होतं. दिल्लीला भाच्याचं लग्न होतं तेव्हा अक्कांच्या भीतीपायी दोघं रेल्वेनं गेले आणि पोचले तेव्हा मांडव काढत होते.

"विमान म्हटलं की हिच्या अंगावर काटा येतोय बघ," अण्णा तलवारीखालनं सांगायचे. "माझं काय, आत्ता चल म्हणलास तर लुंगीवर निघतो."

अक्का कोथिंबीर निवडत राहायच्या.

गुरुवारी कपडे वाळत घालायला त्या गच्चीवर आल्या आणि माझ्या दारात थांबल्या.

"तुझं ते विमान म्युनिकला जातंय काय रे?"

"अक्का, ते कुठंपण जातंय."

"मग आम्हा दोघांना घेऊन चल. दोहावरनं. खरं जेवढा वेळ लागतंय तेवढाच लावायचा, मध्ये पळवायचं नाही. आणि हे बघ, ह्यांना म्हण, अक्कांना सवय व्हावी म्हणून."

मला वाटलं, केवढी हिंमत करतायत बाई. म्हटलं, चला.

शनिवार सकाळ, मंडकळ्ळी

खरं विमान बेंगळूरहून जातं. पण अक्का म्हणाल्या, आपलं मैसूरचं विमानतळ सोडून सुम्ने बेंगळूरला कशाला जायचं? सुम्ने म्हणजे उगाच. मंडकळ्ळीची धावपट्टी लहान आहे, तिथनं एवढं मोठं धूड खऱ्यात उडत नाही. पण सिम्युलेटरमध्ये विचारतो कोण?

व्हॅनच्या सीटमागं प्लॅस्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या. बेल्ट म्हणून अक्कांना माझी मफलर, अण्णांना त्यांचीच जुनी लुंगी. जिन्यात सिक्युरिटी लावली आणि तिथल्या जवानाचा आवाज काढला.

"पावर बँक, लॅपटॉप, नाणी, सगळं ट्रेमध्ये. बेल्ट काढा."

"बेल्ट काढला तर पँट उतरतीय रे," अण्णा म्हणाले.

"सर, नियम आहे."

"मी सीनियर सिटिझन आहे."

"सर, पँट पण सीनियर आहे, दिसतंय. काढा."

अक्का एवढ्या हसल्या की त्यांना जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं.

आता आमच्या विट्यात नवी गाडी आली की नारळ फोडतात आणि पेढे वाटतात. मैसूरचं तसं नाही. इथं दसऱ्याला आयुधपूजेत स्कूटरपासून कारखान्यातल्या लेथ मशिनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि ती सवय वर्षभर हातात राहते. मी खाली पाण्याच्या बाटल्या आणायला गेलो तेवढ्यात अक्कांनी मॉनिटरला कुंकू लावलं, जॉयस्टिकला शेवंतीची माळ घातली आणि उदबत्ती कीबोर्डच्या फटीत खोचली. मी आलो, नमस्कार केला आणि सीटवर बसलो.

मग आमच्या विटा स्टँडवरच्या कंट्रोलरचा आवाज काढून घोषणा केली. "हिनकल–म्युनिक जलद, दोहामार्गे, फलाटावर लागलेली आहे. प्रवाशांनी खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरू नयेत." इंजिनं चालू केली आणि विमान सोडलं.

विमान डावीकडं चाललं. उजवं पेडल दाबलं, तरी डावीकडंच. वेग वाढला तसं ते धावपट्टी सोडून गवतात शिरलं आणि दिव्याचा एक खांब पाडून तारेच्या कुंपणाला जाऊन टेकलं.

"ब्रेक! ब्रेक मार की रे!" अण्णा खुर्चीसकट मागं सरकले होते.

मी मशीन बिघडलं म्हणून घाम पुसत खाली वाकलो, तर खोलीभर लिंबाचा वास. अक्कांनी दोन्ही पेडलांखाली लिंबू ठेवलं होतं, चाकाखाली ठेवतात तसं. उजवं चिरडलं होतं. डावं घसरून पेडलाच्या मागं पाचरीसारखं अडकून बसलं होतं.

"अय्यो, चाक कुठं दिसेना तर कुठं ठेवायचं?" अक्का म्हणाल्या. "पायानंच चालतंय म्हणाला होतास की."

कोणत्याही विमानाच्या अपघाताच्या चौकशीत हे कारण निघालं नसेल. पेडल धुतलं, पुसलं, परत धावपट्टीच्या टोकाला आलो.

"टाकी भरली काय बघून येतो," अण्णा म्हणाले आणि लुंगी सोडून खाली गेले. पाण्याची टाकी गच्चीवर असते, खाली नाही. पण मी तेव्हा टेकऑफच्या गडबडीत होतो.

विमान उठलं. उजवीकडं चामुंडीचा डोंगर आला. अक्कांनी चपला काढल्या, हात जोडले आणि डोंगर मागं जाईपर्यंत चपला घातल्या नाहीत. शहरावरनं वळून हुणसूर रोड धरला आणि हिनकलवर आलो. आपलं घर बघायची त्यांची इच्छा होती. आता सिम्युलेटरला रस्ते माहीत असतात, पण घरं तो आपल्या मनानं बांधतो. अण्णांच्या घराच्या जागी लाल उतरत्या कौलांचा बंगला आणि पुढं निळाशार पोहायचा तलाव.

अक्कांनी बराच वेळ खाली बघितलं. "कोणाला सांगू नको," त्या म्हणाल्या. "घरपट्टी वाढवतील."

अरबी समुद्रावर

कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, डोंगर संपले, किनारा गेला आणि पुढं नुसतं पाणी. अण्णा वर आले तेव्हा विमान स्थिर झालं होतं. "भरली टाकी," म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

समुद्राबद्दल काय लिहू? निळा असतो, पुष्कळ असतो. ऑटोपायलट लावला की पायलटला तासन्‌तास काम नसतं. मी हवाई सुंदरीचा आवाज काढून जेवणाची ट्रॉली, म्हणजे अक्कांचं डब्यांचं बास्केट, फिरवलं. चित्रान्न, कोडबळी, दहीभात आणि कालच्या मटणाचा थोडा रस्सा.

"सर, व्हेज की नॉनव्हेज?"

"दोन्ही."

"सर, एकच मिळतं."

"घर माझं आहे."

"सर, आत्ता आपण समुद्रावर आहोत. इथं घर कोणाचंच नाही."

कोडबळी म्हणजे आपल्या कडबोळीची मैसूरची बहीण, तिखट आणि खुसखुशीत. चित्रान्न म्हणजे लिंबाचा भात. पण सकाळच्या प्रकारानंतर मला त्या वासानं सारखं कुंपण आठवत होतं. खरं सांगायचं तर असल्या वेळी मला भाकरी आणि खर्डा लागतो. पण विमानात तिखट खाल्लं की हाताचं जॉयस्टिकला लागतं आणि जॉयस्टिकचं डोळ्याला. हे अनुभवाचे बोल आहेत.

मस्कतच्या हद्दीत शिरताना एक भला माणूस भेटला. सिम्युलेटरवाल्यांत काही हौशी लोक पायलट होण्याऐवजी कंट्रोल टॉवर होतात. आपापल्या घरी हेडफोन लावून बसतात आणि आमच्यासारख्यांना वाट दाखवतात. या माणसाचा आवाज धीरगंभीर, इंग्रजी एकदम टापटीप. "उंची कायम ठेवा," म्हणाला. आणि त्याच्या मागं एक लहान मूल भोकाड पसरून रडत होतं.

अक्का पुढं सरकल्या. "भुकेचं रडणं आहे ते. सांग त्याला."

"अक्का, रेडिओवर असलं बोलत नाहीत."

"मग कुठं बोलतात? सांग की."

मी बटण दाबलं. "मस्कत, आमच्या एक प्रवासी म्हणतायत, बाळाला भूक लागलीय."

रडणं चालूच होतं. मग तो म्हणाला, "समजलं. बाईंना सांगा, आई बाजारातनं येतेच आहे. तोपर्यंत काय करू?"

"उभं खांद्यावर घे म्हण. पाठीवर हात फिरव. बसून होत नाही ते."

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं तो परत बोलला तेव्हा मागं शांत होतं आणि त्याचाही आवाज बारीक झाला होता. "पुढची वाट मोकळी आहे. बाईंना सलाम."

अक्का खुर्चीला टेकल्या. "वीणाच्या नवऱ्याला कोण सांगणार हे?" एवढंच म्हणाल्या.

दोहा

दोहाला उतरायच्या वेळी अण्णांना गेट वाजल्यासारखं वाटलं. ते बघायला गेले, त्यामुळं माझं सुंदर लँडिंग त्यांनी पाहिलं नाही.

दोहाला विमान बदलायचं असतं आणि तिथं माणसं हरवतात असं वीणानं घाबरवून ठेवलं होतं. म्हणून मी घराचंच दोहा केलं. स्वयंपाकघर म्हणजे दुकानं, हॉल म्हणजे बसायची जागा, मागचं अंगण म्हणजे म्युनिकचं गेट. आणि मी प्रत्येक दारात वेगळ्या आवाजाचा अधिकारी.

"वेर आर यू गोइंग, मॅडम?"

"म्युनिक. डॉटर डेलिव्हरी."

"हाऊ मेनी डेज?"

"बाळ बसायला लागेपर्यंत," अक्का अस्खलित मराठीत म्हणाल्या. मी मुद्दाम चुकीच्या दिशेला बोट दाखवलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, बोटाकडं बघितलं आणि बरोबर उलट्या दिशेला गेल्या. अंगणात जाऊन पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. अण्णा अजून देवघराजवळ बोर्ड शोधत होते.

रविवार, काळ्या समुद्राच्या अलीकडं

दुसऱ्या दिवशी अक्कांनी पहाटेच सगळं उरकून ठेवलं होतं. टाकी भरलेली, दूध आणलेलं, पेपर खुर्चीवर, गेटला आतनं कुलूप. समोरच्या बसप्पांनासुद्धा त्या सांगून आल्या होत्या की आज अण्णा घरात नाहीत, म्युनिकला चाललेत. मला गंमत वाटली. अण्णांना वाटली नसावी. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि खुर्चीच्या अगदी टोकाला बसले.

"लुंगी घट्ट बांध हिची," म्हणाले.

"लुंगी तुम्हाला आहे. मला मफलर," अक्का म्हणाल्या.

वाळवंट संपलं, तुर्कस्तानचे डोंगर आले. डोक्यावर बर्फ घेऊन बसलेले. त्या डोंगरांपलीकडं खरोखरचं वादळ चाललं होतं, म्हणजे माझ्या खिडकीतही तेच. ढग काळे, वीज चमकायला लागली. क्षितिज तिरकं झालं, उलट्या बाजूला तिरकं झालं. स्पीकरमधनं पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज.

मी कॅप्टनचा जाड आवाज काढला. "थोडे धक्के बसतील, घाबरायचं कारण नाही." मागं वळून अक्कांना धीर द्यायला बघितलं, तर अक्का कोडबळं मोडून खात होत्या, आणि त्यांचं लक्ष खिडकीकडं नव्हतंच. त्या अण्णांकडं बघत होत्या.

अण्णांनी खुर्चीचे दोन्ही हात धरले होते. डोळे मिटलेले, कपाळावर घाम, ओठ हलत होते. मला वाटलं नकला करतायत. मी हसलो. कोणीच हसलं नाही.

आणि करंट गेला.

मॉनिटर काळे. स्पीकर बंद. पंखा फिरत फिरत थांबला. युपीएस घेईन घेईन म्हणून मी दोन वर्षं म्हणतोय. त्या शांततेत अण्णा मोठ्यांदा ओरडले, "गेलो!" आणि त्यांनी अक्कांचा हात पकडला.

"करंट गेलाय हो," अक्का म्हणाल्या. "डोळे उघडा. हिनकलातच आहोत आपण."

बाहेर भाजीवाल्याची गाडी ओरडत चालली होती. अण्णांनी डोळे उघडले, लुंगीची गाठ सोडायला गेले, ती त्यांना सुटेना. अक्कांनी सोडली. ते तसेच खाली गेले.

गच्चीवर

करंट येईपर्यंत मी आणि अक्का गच्चीवर वाळलेले कपडे काढत होतो. ऊन चांगलं होतं. बोगादीच्या बाजूला नव्या इमारतींवर सळ्या चमकत होत्या.

"अक्का," मी म्हटलं, "तुम्हाला भीती वाटतच नाही."

"आत्ता कळलं काय रे?" त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर."

"मग अण्णा?"

"लग्नाआधी बँकेनं एकदा ट्रेनिंगला पाठवलं होतं, विमानानं. जाताना काय झालं देवाला माहीत. येताना तिकीट फाडून रेल्वेनं आले, तापानं फणफणत. मला पहिल्या रात्री सांगितलं, दुसऱ्या कोणाला सांगितलं नाही." त्यांनी चादर ओढून सरळ केली. "शिंद्यांच्या घरात पुरुषाला भीती वाटते म्हणून कसं सांगायचं? भिंतीला तलवार लटकतीय. मग मी म्हटलं, मला वाटते. बाईमाणसाला वाटते म्हटलं की कोण पुढं विचारत नाही."

"म्हणजे हा सगळा प्रवास..."

"त्यांच्यासाठी. वाटलं, तुझ्या गमतीत जमून जाईल. कोणाला कळणार पण नाही." त्यांनी चादरीची घडी घातली. "नाही जमलं. आयतू."

आयतू म्हणजे झालं, संपलं. मैसूरात हे कॉफी संपल्यावरही म्हणतात.

"मग आता?"

"आता काय? वीणाचं बाळ थांबणार आहे काय आमच्यासाठी? करंट आला बघ. चल, राहिलेलं पुरं करू."

म्युनिक

विमान तुर्कस्तानच्या डोंगरांपलीकडं परत नेऊन ठेवलं. हे एक सिम्युलेटरचं बरं असतं, जिथं पडलो तिथनं उठता येतं. वादळ मागं पडलं आणि पुढचा प्रवास आम्ही दोघांनीच केला. ऑस्ट्रियाची हिरवी शेतं आली, मापात कापलेली. अक्का म्हणाल्या, एवढी शेतं आणि बांधावर एक माणूस दिसेना, जेवायला गेलीत काय सगळी? म्युनिकला स्वच्छ ऊन होतं. उतरताना जरा उसळलो, पण कुंपण लांब राहिलं.

इंजिनं बंद केली. अक्कांनी मफलर सोडली, घडी घातली, माझ्या हातात दिली. "वीणाला फोन लाव. स्पीकरवर."

वीणा उचलून आधी रागावलीच. "अम्मा, उद्या सोमवार आहे. ठरलं काय तुमचं?"

"एक काढा," अक्का म्हणाल्या. "माझं."

"एकटी? अम्मा, तुला विमानाची भीती वाटते! दोहाला बदलायचं असतंय. अप्पांशिवाय तू कशी येणार?"

दारात अण्णा उभे होते. हातात ट्रेमध्ये कॉफीचे तीन ग्लास. कधी आले कळलं नाही. अक्कांनी त्यांना बघितलं आणि लगेच फोनकडं वळल्या. "अप्पांना इथं काम आहे गं. टाकीचं लीकेज, बँकेचं पण..."

अण्णांनी ट्रे माझ्या कॉटवर ठेवला. फोन उचलला नाही, वाकून त्याच्याजवळ तोंड नेलं.

"वीणा, अम्माला नाही वाटत. मला वाटते."

"काय, अप्पा?"

"भीती. मला वाटते. पहिल्यापासनं मलाच. दिल्लीला पण माझ्यामुळंच रेल्वेनं गेलो. तुझी आई खोटं बोलत होती." त्यांनी अक्कांकडं बघितलं. "चांगलं बोलत होती. एवढी वर्षं."

मी माझी सगळी आवाजांची पेटी बंद करून कॉफीत बघत होतो.

"अप्पा," वीणा म्हणाली, "आधी सांगायचं होतं की."

"आत्ता सांगितलं. एकच काढ. खिडकीचं."

ते सरळ झाले, अक्कांना ग्लास दिला, मला दिला. साखर घालायला विसरले होते. आम्ही तिघांनी तशीच प्यायली.

पुन्हा, दोहाच्या पुढं

अक्का निघाल्या त्या दिवशीच्या बेंगळूरपर्यंतच्या रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, ट्रॅफिक सगळ्यांनाच माहीत आहे. अक्का काचेच्या दारातनं आत गेल्या आणि सिक्युरिटीतल्या जवानाला बघून त्यांना हसू आलेलं आम्हाला बाहेरनं दिसलं. आम्ही हिनकलला परत आलो. काही तासांनी त्यांचा दोहाहून मेसेज आला, "गेट सापडलं. दोन बायकांना पण दाखवलं."

मी झोपायला वर गेलो, तर माझ्या मागोमाग अण्णा. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून.

"तिचं दोहाहून कधी सुटतंय?"

"सुटेल आता."

"मग आपण पण सोडू." खुर्ची घेतली. माझ्या मागं नाही, शेजारी. लुंगी स्वतःच बांधली. "पळवायचं नाही."

फोनवर अक्कांचं खरं विमान नकाशावर दिसत होतं, पिवळं, नखाएवढं. त्याच्या मागं मी आमचं सोडलं. टेकऑफच्या वेळी अण्णांनी टेबलाची कड धरली. ती त्यांनी सोडली तेव्हा खाली वाळवंट होतं.

"ती पुढं आहे काय आपल्या?"

"थोडी पुढं, अण्णा."

"नेहमीसारखी."

त्यांनी भात खाल्ला नाही, पाणी प्यायलं. डोंगरांपाशी ढग आले. परवाच्यासारखे नव्हते, पण विमान हलायला लागलं. अण्णांचे डोळे मिटले, कपाळावर तोच घाम.

"अण्णा, ढग बंद करू काय? बटण आहे."

"तिला आहे काय बटण?"

"नाही."

"मग राहू दे."

मी कॅप्टनचा आवाज काढणार होतो, पण काढला नाही. माझ्याच आवाजात, विट्याच्या, म्हटलं, "आता थोडंच राहिलंय." ते थोडंच नव्हतं. त्यांना ते माहीत होतं बहुतेक. डोळे मिटूनच त्यांनी मान हलवली, आणि खुर्चीवरनं काही उठले नाहीत.

ऑस्ट्रियाची शेतं आली तेव्हा त्यांनी डोळे उघडले. नकाशावरचं पिवळं विमान म्युनिकला जाऊन थांबलं होतं. मी चाकं सोडली. धावपट्टी वर येत गेली, अण्णा श्वास धरून बघत राहिले, डोळे उघडे ठेवून. टेकलो. जरा उसळलो, परत टेकलो.

फोन वाजला.

"पोचले हो," अक्का म्हणाल्या. मागं माणसांचा गलका, वीणाचं हसणं. "तुम्ही कुठं आहात?"

अण्णांनी समोरच्या स्क्रीनकडं बघितलं. धावपट्टीवरच्या पांढऱ्या पट्ट्या अजून पायाखालनं सरकत होत्या.

"तुझ्या मागंच," ते म्हणाले. "आत्ता उतरतोय."